दोघंही खरं बोलत असतात तेव्हा

वापरलेल्या कॅमेरा लेन्स घ्यायच्या, काही महिने त्यांनी फोटो काढायचे, मग दुसऱ्या कुणाला तरी विकून टाकायच्या, हा माझा जुना नाद. सगळे व्यवहार ऑनलाइन, आणि बहुतेक अनोळखी माणसांशी. त्यामुळे ओळखीतल्या कुणाचं अशा खरेदी-विक्रीत बिनसलं की फोन मला येतो. कधी घेणारा चिडलेला असतो, कधी विकणारी रडकुंडीला आलेली असते. मी दोघांमधले सगळे मेसेज मागवते, जाहिरातीचा स्क्रीनशॉट मागवते, फोटो मोठे करून बघते आणि मगच तोंड उघडते.

इतकी भांडणं वाचल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. सरळसरळ फसवणूक होते, नाही असं नाही. पैसे घेऊन गायब होणारे असतात, खोक्यात भलतंच काही भरून पाठवणारे असतात. पण तिथे काय करायचं ते निदान ठाऊक असतं: पुरावे गोळा करा, बँकेला कळवा, पोलिसांत जा. खरा मनस्ताप होतो तो दुसऱ्या प्रकारच्या वादांत, जिथे विकणारा खरं बोलत असतो आणि घेणाराही. या वादांसाठी आपल्याकडे काही तयारीच नसते. अ‍ॅप, बँक, मध्ये पडलेला मित्र, सगळे खोटारडा कोण ते शोधायला निघतात. खोटारडा कुणीच नसला तरी कुणाला तरी तो ठरवून मोकळे होतात.

लेन्सचंच घ्या. बंद कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या आत, काचांच्या मधल्या जागेत, दमटपणामुळे बुरशी धरते. सुरुवातीला फांद्या फुटलेले अगदी बारीक पांढरे तंतू असतात. धुरकटपणा येतो तो वेगळाच; फिरत्या भागांतलं वंगण उडून काचेवर बसलं की तसा थर चढतो. सुरुवातीच्या काळात यातलं काहीही साध्या उजेडात दिसत नाही. विकणारी बाई लेन्स खिडकीकडे धरून आरपार बघते, काच लख्ख दिसते, ती जाहिरातीत लिहिते: काच स्वच्छ. घेणारा पार्सल उघडतो, खोलीत अंधार करून मागून टॉर्च मारतो आणि त्याला आत जाळं दिसतं. तो लिहितो, ‘फंगस आहे, तुम्ही फसवलंत.’ ती लिहिते, ‘माझ्याकडे होती तेव्हा स्वच्छ होती.’ दोघांनीही आपल्या डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलंय. पण ‘फसवलंत’ हा शब्द एकदा गेला की ती लेन्सबद्दल बोलायचं थांबते आणि स्वतःच्या अब्रूबद्दल बोलू लागते. पुढच्या चार मेसेजांत काचेचा उल्लेखही सापडत नाही.

जुन्या वस्तूंच्या बाजाराबद्दल अर्थशास्त्रातला गाजलेला लेख जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा, १९७० सालचा. जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन ते सांगतात की गाडीची खोड विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा कुठल्याही गाडीला सरासरीच भाव द्यायला तयार होतो. तो भाव चांगली गाडी असणाऱ्याला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि मागे खराब माल उरतो. पुढे २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. युक्तिवाद बिनतोड आहे, पण मी बघते त्या घरगुती व्यवहारांत त्यातलं पहिलंच गृहीतक पुष्कळदा लागू पडत नाही. वडिलांचा कॅमेरा त्यांच्या पश्चात विकायला काढणाऱ्या मुलीला लेन्समधला उजेड कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आलंय की नाही हे कसं कळणार? जाणकार असतो तो घेणारा. तिला न दिसलेली खोड त्याला दोन मिनिटांत दिसते. आणि जाणकाराला हे पटतच नाही की समोरच्याला इतकी उघड गोष्ट दिसली नसेल. त्याच्या रागाचं मूळ तिथे असतं.

कायद्याकडे वळलं तर तिथेही घरगुती विक्रेता वेगळ्याच खणात बसतो. ग्राहकांना संरक्षण देणारे नियम मुख्यतः व्यापाऱ्याला बांधतात. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदी कारण न देता १४ दिवसांत परत करण्याचा हक्क आहे, पण तो व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला. शेजारच्या माणसाने कपाट आवरताना विकलेल्या वस्तूला नाही. जर्मनीत खासगी विक्रेता एका वाक्यात दोषांची जबाबदारी नाकारू शकतो. मात्र दोष जाणूनबुजून लपवला असेल तर ते वाक्य त्याला वाचवत नाही. भारताच्या १९३० च्या मालविक्री कायद्यात दर्जाची हमी गृहीत धरलेली नाही, तिथे मोजके अपवाद आहेत. पण वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. म्हणजे जाहिरातीतल्या ओळींना वजन आहे. ‘काच स्वच्छ’ या दोन शब्दांवर सगळं येऊन ठेपतं, आणि ते लिहिताना बिचारीने खिडकीकडे बघितलेलं असतं.

मला या बाबतीत सगळ्यात शहाणे वाटले ते प्राचीन रोमचे लोक. तिथे बाजारावर देखरेख करणारे एडाइल नावाचे अधिकारी असत. गुलाम आणि जनावरं यांच्या विक्रीसाठी त्यांनी फर्मान काढलं होतं: आजार आणि खोडी विकणाऱ्याने आधी सांगायच्या. माणसांची विक्री जनावरांच्या रांगेत बसवणारा तो बाजार होता, हे लिहितानाही नको वाटतं. पण कायद्याची जी रीत तिथे घडली ती पुढे साध्या वस्तूंच्या विक्रीपर्यंत पोचली. तिच्यात दोन गोष्टी होत्या. एक, खोड विकणाऱ्याला माहीत होती की नव्हती हा प्रश्नच नव्हता. ती निघाली की तो जबाबदार. दोन, घेणाऱ्यापुढे दोन वाटा होत्या: सहा महिन्यांच्या आत सौदा मोडून वस्तू परत करायची, किंवा वर्षाच्या आत, वस्तू ठेवून घेऊन, खोडीमुळे जेवढी किंमत कमी झाली तेवढे पैसे परत मागायचे.

या दुसऱ्या वाटेवर माझा फार जीव आहे. तिच्यात कुणालाही खोटारडं ठरवावं लागत नाही. लेन्समध्ये फंगस आहे, ती साफ करायला दुरुस्ती करणारा अमुक इतके घेईल, ते कोण देणार एवढाच प्रश्न उरतो. विकणारीचा स्वाभिमान शाबूत राहतो, घेणाऱ्याला हवी होती ती लेन्स मिळते, आणि परतीच्या पार्सलात वस्तू आणखी एकदा आपटत नाही. मी मध्ये पडते तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘कशी तपासली होती?’ दोघांनाही हाच प्रश्न. ती म्हणते खिडकीकडे धरून, तो म्हणतो टॉर्च मारून, आणि पुष्कळदा इथेच दोघं थोडे मऊ पडतात. मग मी घेणाऱ्याला दुरुस्तीचा लेखी अंदाज आणायला सांगते. आकडा समोर आला की बोलणं जमिनीवर येतं.

वाटेत बिघडलेल्या मालाचा वाद याहून अवघड. आदल्या रात्री ऑटोफोकस चालू होता, त्याचा व्हिडिओही आहे. पार्सल उघडलं तर मोटर नुसती घरघरते. इथे दोघांपैकी कुणीच काही केलेलं नाही. खासगी विक्रीत अनेक कायदे घेणाऱ्याला कडक आहेत. जर्मन कायद्यात घेणाऱ्याच्या सांगण्यावरून माल पाठवला असेल तर तो वाहतूकदाराच्या हाती दिल्याक्षणी जोखीम घेणाऱ्याकडे जाते. व्यापाऱ्याने ग्राहकाला विकलेल्या मालाला हा नियम लागू होत नाही, म्हणजे नेमकं घरगुती व्यवहारातच घेणारा उघड्यावर पडतो. भारतीय कायद्यातही वाहतूकदाराकडे दिलेला माल साधारणपणे घेणाऱ्याला पोचता केला असं धरतात, मात्र वस्तूचा प्रकार बघून पाठवणीची वाजवी व्यवस्था करणं विकणाऱ्यावर येतं. मला हा शेवटचा भाग महत्त्वाचा वाटतो. खोकं हलवल्यावर आत लेन्स खडखडत असेल, एकच पदर बबल रॅप असेल, तर दोष वाटेचा नाही, पॅकिंगचा आहे. म्हणून मी विकताना खोकं बंद करण्याआधी फोटो काढते, सिरीयल नंबर दिसेल असा एक आणि भरलेल्या खोक्याचा एक. घेताना पार्सल उघडतानाचा व्हिडिओ घेते आणि खोकं, टेप, कागद काही टाकत नाही, कारण कुरिअरकडे भरपाई मागायची तर ते बघायला मागतात आणि तक्रारीची मुदत फार थोडी असते.

रेटिंगवर माझा फारसा भरवसा नाही. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटने १९९६ मध्ये घेणाऱ्या-विकणाऱ्यांनी एकमेकांना शेरे देण्याची पद्धत आणली. अनोळखी माणसांत व्यवहार सुरू व्हायला तिचा मोठा हात होता, हे खरंच. पण संशोधकांनी १९९९ च्या व्यवहारांतले शेरे तपासले तेव्हा घेणाऱ्यांनी दिलेल्या शेऱ्यांपैकी जवळपास ९९ टक्के चांगले निघाले. सगळेच इतके खूश होते असं मला वाटत नाही. वाईट शेरा दिला तर उलट आपल्यालाच मिळेल, ही भीती होती. शेवटी २००८ मध्ये ईबेने विकणाऱ्यांना घेणाऱ्यांबद्दल वाईट शेरा देता येणं बंद केलं, आणि मग विकणारे म्हणू लागले की आता आमच्या हातात काही उरलं नाही. त्याआधी, १९९९ मध्येच, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या ईथन कॅट्श यांच्या गटाने ईबेवरचे सुमारे २०० वाद ईमेलवरून, माणूस मध्यस्थ ठेवून हाताळायचा प्रयोग केला होता. ऑनलाइन तंटे सोडवण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांतला तो एक. माणसाने वाचायचं आणि दोघांनाही विचारायचं, हे त्यात पहिल्यापासून होतं. आता बहुतेक ठिकाणी ते काम बटणांकडे गेलंय, आणि बटणाला ‘कशी तपासली होती’ हे विचारता येत नाही.

थोडे पैसे परत देऊन मिटवण्याच्या या वाटेचा गैरवापर होतो, हे मला चांगलं माहीत आहे. वस्तू हातात पडल्यावर नसलेली खोड काढून भाव पाडणारे लोक आहेत, आणि भिडस्त माणूस भांडण नको म्हणून देऊन टाकतो. त्याचा मला संताप येतो, कारण त्यामुळेच खरी खोड सापडलेल्या माणसावरही कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून मी घेणाऱ्याच्या बाजूने बोलण्याआधी तीन गोष्टी मागते: खोड दिसेल असा टॉर्चचा फोटो, त्याच फोटोत किंवा लगेच पुढच्या फोटोत सिरीयल नंबर, आणि वस्तू हातात आल्यावर एक-दोन दिवसांत केलेली तक्रार. सिरीयल नंबर यासाठी की परतीच्या खोक्यात स्वतःची जुनी खराब लेन्स भरून पाठवणारेही भेटतात. ज्याच्या लेन्समध्ये खरंच फंगस असतं तो हे फोटो तासाभरात पाठवतो, बहुतेक वेळा मागितले त्याहून जास्त. जो नुसता ‘तीस टक्के परत करा नाहीतर वाईट रेटिंग देतो’ एवढंच लिहीत राहतो, त्याला एक पैसाही द्यायचा नाही, उलट वस्तू परत पाठव आणि पूर्ण पैसे घे असं सांगायचं, हा माझा विकणाऱ्यांना कायमचा सल्ला. बऱ्याचदा त्यानंतर त्याचा मेसेज येत नाही.

आणि ज्यांना कपाटातली लेन्स विकायची आहे त्यांनी एवढं करा: अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च मारून एक फोटो काढा आणि तो जाहिरातीत टाका. त्यात काय दिसतंय ते तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. ‘मला यातलं समजत नाही, वडिलांची लेन्स आहे, फोटो बघून तुम्हीच ठरवा’ असंच लिहा. भाव थोडा कमी येईल. पण जाणकार घेणारा तो फोटो बघून, समजून-उमजून पैसे देईल, आणि ‘फसवलंत’ म्हणायला त्याला जागा राहणार नाही.