सौ., गं.भा. आणि आईसाहेब

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिकांची झुंबड उडते. मॅटर लावायचं काम माझं. लोकांना वाटतं, भांडणं गणपतीच्या चित्रावरून नाहीतर सोनेरी फॉइलच्या दरावरून होत असतील. छे! खरी भांडणं नावाआधीच्या दोन अक्षरांवरून. कुणाच्या काकीचं 'सौ.' राहिलं, कुणाच्या आत्याला 'श्रीमती' पडलं, की प्रूफ लाल होऊन परत येतं.

गेल्या हंगामात एका जुन्या इनामदार घराण्याची पत्रिका होती. आजीचं नाव असं आलं: 'गं.भा. श्रीमंत आईसाहेब', मग नाव, मग आडनाव, मग 'सरकार'. खाली सुना, एक वहिनीसाहेब आणि एक काकीसाहेब. सगळं दीड इंचात बसवायचं. नातू शेजारी खुर्ची ओढून बसलेला. "ओ ताई, 'साहेब' लईच बारीक दिसाय लागलंय, जरा बोल्ड करा की." केलं बोल्ड. संस्थान 1949 ला विलीन झालं, 1971 च्या घटनादुरुस्तीनं राजेरजवाड्यांची सरकारी मान्यता आणि तनखेही गेले. पत्रिकेतली जहागीर मात्र शाबूत आहे. असू दे, कागद त्यांचा, पैसे त्यांचे.

मला खटकलं ते वेगळंच. 'गं.भा.' आणि 'आईसाहेब' एकाच ओळीत. जुन्या पत्रांत सवाष्णीला 'सकळ सौभाग्यादिसंपन्न वज्रचूडेमंडित' लिहायचे आणि विधवेला 'गंगाभागीरथीसमान', त्याचंच हे 'गं.भा.'. म्हणजे पाकीट फोडायच्या आधीच कळायचं, बाईच्या हातात बांगड्या आहेत की नाहीत. पुरुषाला 'राजमान्य राजश्री' लिहिलं की झालं, त्याची बायको जिती की मेली याची मायन्यात चौकशी नाही. 'आईसाहेब'चं तसं नाही. नवरा गेला म्हणून आईसाहेब खाली उतरत नाहीत. उलट बऱ्याचदा तिथूनच त्यांचा कारभार सुरू होतो.

आपल्या कोल्हापूरचंच बघा. कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेल्या ताराराणी. त्यांचे पती राजाराम महाराज 1700 साली गेले तेव्हा त्या पंचविशीत होत्या. औरंगजेबाशी झुंज दिली ती त्यानंतर, करवीरची, म्हणजे कोल्हापूरची गादी उभी केली तीही त्यानंतर. पुढं याच गादीवरचे संभाजी महाराज 1760 ला वारले आणि त्यांच्या राणी जिजाबाईंनी दत्तक घेऊन 1773 पर्यंत राज्य सांभाळलं. आमच्या पत्रिकेच्या हिशेबानं दोघीही 'गं.भा.'. पुतळ्याखाली तसं कोरायची कुणाची छाती आहे?

इंदुमती राणीसाहेबांचं तर मला फार वाटतं. शाहू महाराजांच्या धाकट्या सूनबाई. 1917 ला लग्न, 1918 ला प्रिन्स शिवाजी शिकारीत गेले. पोर अकरा वर्षांची. त्या काळच्या घरात तिला माजघराचा कोपराच मिळाला असता. महाराजांनी सोनतळीला तिच्या शिक्षणाची सोय केली, आणि ती मॅट्रिक झाली. नवरा कधी गादीवर बसलाच नव्हता, तरी कोल्हापूर त्यांना शेवटपर्यंत राणीसाहेबच म्हणत राहिलं. तो मान लोकांनी दिलेला.

आक्कासाहेब महाराजांचं आणखी गमतीचं. शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई. लग्न देवास संस्थानच्या थोरल्या पातीत, म्हणजे थोरल्या शाखेत झालेलं, म्हणजे तिथल्या महाराणी. पण इथं ते बिरुद कुणाच्या तोंडी नाही. माहेरची थोरली लेक म्हणून आक्का, वर साहेब, वर आणि चक्क महाराज! शालिनी सिनेटोन हा सिनेमाचा स्टुडिओ काढणाऱ्या बाईला नुसतं 'सौ.' पुरलंही नसतं म्हणा.

मुलींच्या शाळांची नावं घेतली तरी हाच गोतावळा भेटतो: महाराणी लक्ष्मीबाई, पद्माराजे, उषाराजे. लेकींच्या नावात 'राजे' लागतं, तिथं नवऱ्याचा संबंध नाही. (एम.एल.जी., म्हणजे महाराणी लक्ष्मीबाई गर्ल्समधल्या निम्म्या पोरींना एम.एल. म्हणजे कोण हे माहीत नसतं, हे सोडा.)

2022 च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. सगळ्या राज्यात नाव झालं. आणि पुढच्याच वर्षी मुंबईत 'विधवा' शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' वापरावा अशी सूचना निघाली. टीका झाली, ती व्हायलाच हवी होती. शब्द गोड केला तरी बांगड्यांची मोजणी तीच.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला विचारते, बायकांच्या नावाआधी काहीच नको का? नुसतं नाव, नाहीतर घरात म्हणता ते आक्का, काकी, आईसाहेब. काहीजण हो म्हणतात, शिकलेली पोरं जास्त. त्या इनामदारांच्या नातवालाही पटलं. 'गं.भा.' त्यानं स्वतःच पेनानं खोडलं.

संध्याकाळी त्याच्या आईचा, म्हणजे वहिनीसाहेबांचा फोन. "सासूबाईंचं काढलंत ते बरं केलंत, पण माझं 'सौ.' कुठं गेलं?" मी म्हटलं, वहिनीसाहेब, सगळ्यांचंच काढलंय, सारखं दिसावं म्हणून. "सगळ्यांचं काढा वो, माझं ठेवा." ठेवलं.