अर्धा तास

विहिरीत टीसीएल, म्हणजे पाण्यातले जंतू मारणारी क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर अर्धा तास पाणी उपसू द्यायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. सोळा वर्षं मी तो पाळत आलोय. मे महिन्यातल्या एका दुपारी पाळला तेव्हा एक म्हातारी विहिरीच्या काठावर उन्हात बसली होती, आणि तो अर्धा तास अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मी त्र्यंबकेश्वर तालुक्यात आरोग्यसेवक आहे. बाहेरच्या माणसाला इथली टंचाई खरी वाटत नाही. जिल्ह्याच्या पूर्वेला येवल्यात, नांदगावात पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास. तिथं टँकर लागले तर कुणाला नवल नाही. आमच्याकडे तो 2000 च्या घरात पडतो. गोदावरी इथल्याच ब्रह्मगिरीवर उगम पावते, वैतरणेचं पाणी मुंबईला जातं. पण पाडे डोंगराच्या सोंडेवर आणि खाली सगळा काळा पाषाण. पावसाचं पाणी आलं तसं उतारानं निघून जातं. दिवाळीपर्यंत ओहोळ वाहतात, होळीनंतर झरे आटू लागतात, मग टँकरची वाट बघायची.

त्या म्हातारीच्या पाड्यावर 400 माणसं. माणशी 20 लिटरच्या हिशोबानं 8000 लिटर होतात, म्हणून 10,000 लिटरच्या टँकरची रोज एक खेप मंजूर. कागदावर पुरतं. जनावरं त्यात धरलेली नाहीत. शिवाय टँकर दारोदार जात नाही, तो कोरड्या विहिरीत रिकामा होतो. तळाचा गाळ ढवळून निघतो, काही पाणी फटींत जिरतं, आणि उरलेलं ज्याचा दोर लांब आणि ज्याच्या घरात हात जास्त, त्याला मिळतं.

म्हातारीच्या घरात हात कमी होते. नवरा एप्रिलच्या खरड छाटणीला द्राक्षबागेत गेलेला. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारातून जो मालक नेईल त्याच्याकडे महिना-दीड महिना मुक्काम. घरी सून, दोन लहान पोरं आणि सासू. सून रात्री तीनला दरीतल्या झिऱ्यावर जायची. झिरा म्हणजे खडकाच्या फटीखालचा ओंजळभर खळगा. वाटीनं पाणी घ्यायचं, फडक्यातून गाळून हंड्यात ओतायचं, खळगा परत भरेस्तोवर बसून राहायचं. एका हंड्याला पाऊण तास, आणि पुढं तुमच्याआधी आलेल्या चौघी.

महिनाभर आधी म्हातारीला लघवीला जळजळ होत होती. आमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मी घरी जाऊन बजावलं, "आजी, दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे." तिनं मान डोलावली. त्या घरात किती पाणी येतं हे मला माहीत होतं, तरी मी ते सांगितलं आणि पुढच्या घराकडे निघालो.

त्या दिवशी टँकर सकाळी नवाला यायचा तो साडेबाराला आला. भरायच्या जागी, म्हणजे अधिग्रहित विहिरीवर, वीज नव्हती. सून दुसऱ्यांदा झिऱ्यावर गेलेली, म्हणून म्हातारी सातपासून हंडा घेऊन विहिरीवर. टँकरच्या तोटीखाली मी परीक्षानळी धरली, ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, दोन थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. नळीतलं पाणी काचेसारखं स्वच्छ राहिलं. निल.

हे मला सहन होत नाही. टँकर भरतानाच 50 ग्रॅम टीसीएल कालवून टाकलं की विषय संपतो. रस्ता पाऊण तासाचा. अर्धा तास चालत्या टँकरमध्येच निघून जातो, पाड्यावर पोचलेलं पाणी थेट भरता येतं. एवढं करायला एक माणूस आणि एक बादली लागते. चालक म्हणाला, "पावडर मिळाली नाय." ज्यांनी द्यायची, त्यांनी पिशवी ओल्या खोलीत ठेवली होती. टीसीएल दमट झालं की नाकात झोंबणारा वास जातो, आणि वासाबरोबर दमही.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या पाड्यावर अतिसाराची साथ मी पाहिलीय. म्हणून माझ्याकडची कोरडी पावडर काढली. बादलीत आधी थोड्या पाण्यात लगदा केला, पाणी वाढवून ढवळलं, दहा मिनिटं पावडरीतला चुना तळाशी बसू दिला. मग वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरानं विहिरीत सोडली आणि वर-खाली, चारी बाजूंना फिरवली. चुना विहिरीत जाऊ द्यायचा नाही. हे मी मन लावून करतो. मग घड्याळ पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं, दीड वाजेपर्यंत पोहरा टाकायचा नाही. बायका कुरकुरल्या, पण थांबल्या. माझं ऐकतात त्या.

वीस मिनिटं झाली असतील. हंडा गडगडत गेल्याचा आवाज आला. म्हातारी बसल्या जागी कलंडली होती. नाडी बारीक आणि वेगानं चालणारी, जीभ लाकडासारखी कोरडी, बीपी वरचं 80. 108 ला फोन लावला. सावलीत नेल्यावर तिनं डोळे उघडले, घोट गिळता येत होता. ओआरएसची पुडी खिशात होती. पुडीला एक लिटर पाणी लागतं. माझ्या बाटलीत दोन घोट, चालकाची बाटली रिकामी. दहा हजार लिटर पाणी समोर होतं, त्यावर माझीच बंदी.

मी स्वतः पोहरा टाकला. बाटली भरली, पुडी कालवली, चमच्यानं पाजायला लागलो. मागं वळून पाहिलं तर सगळे दोर विहिरीत गेलेले. कुणालाही अडवलं नाही. अडवायला तोंड नव्हतं.

गाडी पन्नास मिनिटांनी आली. रुग्णालयात सलाईन लावल्यावर सून मला म्हणाली, "शिमग्यापासून दोन पेलेच पितात दिवसाला. पोरांना पुरू दे म्हनतात. अंधार पडल्यावर तर तोंडालाच लावत नाहीत." हे तिनं आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं नाही. मी तरी कुठं विचारलं होतं? जळजळ किती दिवसांची, ताप आहे का, हे विचारलं. काल किती पेले पाणी प्यालीस, हे नाही.

पाड्यावर कुणालाही जुलाब झाले नाहीत. संध्याकाळी चार घरांतल्या हंड्यांची ओटी केली, फिकट का होईना पिवळा रंग आला. म्हणजे मिसळलेलं टीसीएल लागलं होतं. पण म्हातारीसाठी वीस मिनिटं चाललं, तर तिला मुळात का थांबवलं? आणि साथ आली असती तर? दोन्ही प्रश्न रोज येतात.

आता मी सकाळी सहाला भरायच्या जागी जातो, माझ्या खर्चानं, आणि पावडर माझ्या हातानं टाकतो. फिरतीच्या डायरीत हे गाव कशाला, असं वरून विचारून झालंय. बुधवारी लसीकरणाचं सत्र असतं, त्या दिवशी जाता येत नाही. गेल्या बुधवारी सत्र आटपून विहिरीवर पोचलो, टँकर नुकताच लागत होता. ओटी निल. म्हातारी हंडा घेऊन आलेलीच होती. माझी दोन लिटरची बाटली तिच्या हातात दिली, तिला आंब्याखाली बसवलं, आणि बादली कालवायला घेतली.