लंडन आणि माझा जामीनदार

लंडनमध्ये शिकायला गेलेल्या माणसाला त्या शहराविषयी विचारले, तर तो एका दमात कौतुकही करतो आणि गाऱ्हाणेही मांडतो, असा माझा अनुभव आहे आणि मी त्याला अपवाद नाही. ब्रिटिश म्युझियमच्या दारात कोणी तिकीट मागत नाही. नॅशनल गॅलरीत एका चित्रासमोर दुपारभर बसून राहिले तरी कोणी उठवत नाही. आणि त्याच शहरात, एक पलंग व एक कपाट जेमतेम मावेल अशा खोलीसाठी, माझ्याकडे ब्रिटनमध्येच राहणारा आणि ब्रिटनमध्येच भरपूर कमावणारा जामीनदार मागण्यात आला. सोलापुरात कापडाचे दुकान चालवणाऱ्या माझ्या वडिलांच्या सहीला तिथे कवडीची किंमत नव्हती. जामीनदार नसल्यास सहा महिन्यांचे भाडे एकरकमी भरावे, असे दलालाने अत्यंत अदबीने कळवले, आणि त्या अदबीचाच मला अधिक राग आला. कोणी खेकसले असते तर निदान भांडता तरी आले असते.

शेवटी वडिलांनी पैसे पाठवले आणि पूर्व लंडनमधल्या ईस्ट हॅममध्ये खोली मिळाली. पहिले सत्र निबंध, सादरीकरणे आणि सर्दी यांत संपले. ईस्ट हॅमविषयी मात्र माझी तक्रार नाही. हाय स्ट्रीट नॉर्थवर ताजा कढीपत्ता मिळतो, डोसा मिळतो, आणि भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट लाइनने गाडी न बदलता थेट मध्य लंडनमधल्या टेम्पल स्थानकापर्यंत जाता येते. तक्रार आहे ती घराच्या आतली. हीटर कधी चालू करायचा, हे घरमालक स्वतःच्या मोबाइलवरून ठरवत असे, आणि तो स्वतः दुसऱ्या गावात राहत होता. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. त्यानंतर खोलीत बसायचे म्हणजे स्वेटरवर शाल आणि शालीवर रजई अशी तयारी लागे. म्हणून मी ग्रंथालय बंद होईपर्यंत तिथेच बसू लागले. अभ्यासू मुलगी अशी माझी जी ख्याती झाली, तिचे निम्मे श्रेय त्या हीटरला आहे.

प्रत्येक किंमत शंभराने गुणायची सवय पहिल्याच दिवशी जडते आणि सुटत नाही. बसचे १ पाउंड ७५ पेन्स म्हटले की मनात पावणेदोनशे रुपये उमटतात, मग त्या भाड्यात तासाभरात हव्या तेवढ्या बस बदलता येतात या सोयीचेही समाधान वाटत नाही. अशा मनःस्थितीत डॉ. आंबेडकरांची आठवण येणे मराठी माणसाला स्वाभाविक आहे, कारण लंडनमध्ये त्यांनी डॉक्टरेटसाठी जो प्रबंध लिहिला तो रुपयाच्याच प्रश्नावर होता. १९१६ साली ते इथे शिकायला आले, बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने पुढच्याच वर्षी त्यांना परत जावे लागले, आणि मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य व एका पारशी मित्राचे कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा आले. हे सारे शाळेत वाचलेले होते, पण पाउंडांत भाडे भरू लागल्यावर त्याचा अर्थ निराळा लागतो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर पाहायला गेले. चॉक फार्म स्थानकापासून ते चालत जाण्याजोगे आहे. रस्ता श्रीमंत आणि निःशब्द आहे. नामवंतांच्या घरांवर लावतात ती निळी गोल पाटी दारावर नसती तर ते घर शेजारच्या घरांहून वेगळे ओळखू आले नसते. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेतले. पुढे त्याचे संग्रहालय करण्यास स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली आणि २०२० साली ब्रिटिश सरकारने ती दिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गलबल्याबद्दल शेजाऱ्यांनी कुरकुर केली होती. मी गेले तेव्हा गलबला म्हणजे मी, एक पंजाबी आजोबा आणि त्यांचा कंटाळलेला नातू, एवढाच होता.

आजोबा वुल्व्हरहॅम्प्टनहून आले होते. भिंतीवरच्या प्रत्येक छायाचित्रासमोर ते थांबत, हात जोडत आणि मगच पुढे सरकत. मी महाराष्ट्रातली आहे हे कळल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि विचारले, “बेटा, तुमच्याकडे तर घराघरात बाबासाहेब वाचत असतील ना?” मला चटकन उत्तर देता आले नाही. आमच्या गल्लीत कोणाच्या घरात त्यांचा फोटो असतो आणि कोणाच्या घरात नसतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. “सगळ्या नाही,” एवढेच मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. त्यांना त्याचे नवल वाटले नाही, आणि मला त्याचेच वाईट वाटले.

नंतर प्रिमरोज हिलवरच्या बाकावर त्यांनी डबा उघडला आणि मेथीचा पराठा व लोणचे माझ्या हातावर ठेवले. इतक्या महिन्यांत न मागता कोणी वाढलेले ते पहिलेच जेवण होते. साठच्या दशकात ते लोखंडाच्या भट्टीत कामाला लागले, तेव्हा एका खोलीत इतकी माणसे असत की दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच गादीवर आडवा होई. “गादी कधी गार पडलीच नाही,” असे सांगून ते मोठ्याने हसले. माझ्या खोलीचे भाडे ऐकून मात्र ते हसायचे थांबले आणि घरमालकाला त्यांनी पंजाबीत जे काही म्हटले, त्याने नातवाचा कंटाळा पार पळाला.

हे शहर आवडते का, असे आई फोनवर विचारते तेव्हा मी ग्रंथालयाविषयी भरभरून बोलते आणि खोलीचा विषय टाळते; तिला ते कळते. शिक्षणानंतर दोन वर्षे राहून काम करण्याची मुभा देणाऱ्या व्हिसाचा अर्ज मी निम्मा भरून ठेवला आहे, आणि त्याच आठवड्यात पुण्यातल्या एका नोकरीसाठीही अर्ज धाडला आहे. वडिलांना दोन्ही ठाऊक आहे; ते फक्त पाउंडाचा आजचा भाव विचारतात.