गोदामातली हॉकी

भाचा न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉयला आरपीआयमध्ये, म्हणजे रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये, शिकतो. आज हट्टाने कॉलेजची आइस हॉकी मॅच बघायला घेऊन गेला. ह्यूस्टन फील्ड हाउसमध्ये शिरलो आणि म्हटलं, अरे, हे तर गोदाम! खरंच तसं निघालं. नौदलाची जुनी वखार ऱ्होड आयलंडहून इथे आणून १९४९ मध्ये उभी केलेली.

याच आरपीआयच्या पोरांनी १९५४ मध्ये काय कमाल केली! कोलोरॅडो स्प्रिंग्सला कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा, संघ फक्त चार. सेमीफायनलला समोर मिशिगन, लागोपाठ तीन वर्षांचे विजेते. त्यांना ६-४ ने हरवलं. तिकडे मिनेसोटाने बॉस्टन कॉलेजला १४-१ असं धुतलेलं, आणि त्यांच्याकडे जॉन मायासिचसारखा स्टार खेळाडू. म्हणजे फायनलचा निकाल ठरल्यासारखाच. पण ओव्हरटाइममध्ये ५-४ ने आरपीआय जिंकलं! कोच नेड हार्कनेस. हा गडी लॅक्रोसही (जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) शिकवायचा.

आजची मॅच? पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबरी चकती, इतका जोरात फिरतो की अर्धा वेळ मला दिसलाच नाही. एकदा समोरच्या काचेवर धाडकन आदळला, हातातली कॉफी निम्मी मफलरवर. भाचा म्हणतो, "मामा, डोळे मिटून काय दिसणार?"