चाळीस टक्क्यांची वाट पाहताना

भाऊबीज होऊन चार दिवस झाले आणि २७ ऑक्टोबरला, सोमवारी, आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काचेवर कागद लागला. 'दुकान बंद करणे आहे. सर्व मालावर १० टक्के सूट. बुधवारी २०, शुक्रवारी ४०.' इमारत पुनर्विकासाला गेली होती. कोथरूडमध्ये याचं आता कुणाला नवल वाटत नाही. महिनाअखेर गाळा रिकामा करून द्यायचा होता.

मी बँकेतून निवृत्त. टक्केवारी दिसली की हात आपोआप पेनाकडे जातो. हिने मात्र कागद न बघताच सांगितलं, "अहो, तूरडाळ आधी आणा, पाच किलो. बाकी तुमचं गणित नंतर चालू दे." मी म्हटलं, डाळ कुठे पळून जाते? शुक्रवारी ४० टक्क्यांत घेऊ. हे वाक्य पुढे बरेच दिवस माझ्या कानावर आलं, तेही तिच्या आवाजात.

सोमवारी नुसता अंदाज घ्यायला गेलो. साबणाच्या रॅकपाशी पहिली गंमत कळली. २२ सप्टेंबरपासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू यांच्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कर धरून जी वस्तू ११८ रुपयांना होती, ती १०५ ला यायला हवी, म्हणजे ११ टक्के खाली. रॅकवरचा बराचसा माल जुन्या छापील किमतीचा. त्यावर १० टक्के सूट घ्यायची, तर सेल नसता तर भरले असते त्याहून जास्तच पैसे जाणार. हे मी गल्ल्यावर जरा खुलवून सांगितलं. मागे सहा जणांची रांग. मालक पुढे वाकून म्हणाले, "काका, तुम्हाला नव्या भावावर दहा धरतो. फक्त हळू बोला."

तेल आणि साखर सुटीत नव्हतीच. 'सर्व मालावर' या शब्दांना चांदणी होती आणि चांदणीचा खुलासा कागदाच्या पार खालच्या कोपऱ्यात. विचारलं तर म्हणाले, त्यात आम्हालाच काही सुटत नाही. हे मला पटलं. तरी एक तेलाची पिशवी शेजारच्या पिशवीपेक्षा स्वस्त दिसली म्हणून उचलली, तर वजन ८५० ग्रॅम. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. पिशवी जागच्या जागी ठेवली आणि स्वतःवर खूश झालो.

तो खूश होण्याचा क्षण नडला. पुढच्याच रॅकवर बेसन होतं, एक किलोची पाकिटं, 'तीनावर एक फुकट'. चारांतलं एक फुकट म्हणजे २५ टक्के. बुधवारच्या २० पेक्षा जास्त, आणि तेही सोमवारीच! पाकिटावर 'पॅकिंगपासून ४ महिने उत्तम' असं छापलेलं पाहिलं. चार महिने, चार किलो, माणसं दोन. हिशेब चोख. घेतली.

घरी हिने पाकीट उजेडात धरलं. पॅकिंगची तारीख नेमकी चिकटवलेल्या शिवणीवर आली होती, अर्धी घडीत गेलेली. नखाने घडी सोडवून तिने वाचली : २० जुलै. म्हणजे चार महिने २० नोव्हेंबरलाच संपणार. ठेवीची मुदत ठेव ठेवल्या दिवसापासून मोजायची, पावती हातात पडल्यापासून नाही, हे मी काउंटरवर हजार लोकांना समजावलं असेल. "'उत्तम' म्हणजे त्यानंतर लगेच विष होत नाही," असा बचाव मी केला. 'युज बाय' वेगळं आणि 'बेस्ट बिफोर' वेगळं, हे खरंच आहे. ती म्हणाली, "भुंगे हे वाचून येतात का?" बेसनाचे दिवाळीचे लाडू अजून डब्यात होते, हे तिने वेगळं सांगितलं नाही. फक्त डबा माझ्यासमोर आणून ठेवला.

बुधवारी गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

शुक्रवारी सकाळी दहाला पोचलो, तर दुकान ओळखू येईना. बरण्या जिथे वर्षानुवर्षं उभ्या होत्या तिथे फळीवर स्वच्छ गोल उमटलेले, भोवती धूळ. तूरडाळीच्या पिंपात तळाला नुसतं माप पडलेलं. मूगडाळ नाही, पोहे नाहीत, शेंगदाणे नाहीत. "डाळी सोमवारी संध्याकाळीच संपल्या," मालक म्हणाले. उरलं होतं ते ओट्स, ऑलिव्ह तेल, सोया सॉस, रांगोळीचा गुलाबी रंग आणि उटण्याची पुडकी. दोन बायका फ्रीजचा भाव करत होत्या. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचं ताट कुणीतरी आधीच नेलं होतं, आणि काटा एकटाच उणे आकडा दाखवत बसला होता.

रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून हिंगाची एक डबी घेतली. झाकण नीट बंद होतं, तारीख (या वेळी शिवणीसकट) तपासली. मालकांनी ४० टक्के वजा केले, वर सुटे दोन रुपये सोडून दिले. "पुढे कुठे?" मी विचारलं. "बघू. मुलगा म्हणतो, आता आराम करा." मग मलाच विचारलं, "काका, बेसन कसं निघालं?" मी म्हटलं, उत्तम.

तूरडाळीसाठी शनिवारी मार्केट यार्डात भुसार बाजारात गेलो. डाळ चांगली मिळाली, पाच किलो. भाव विचारलात तर सांगेन, रिक्षाचं विचारू नका.

आज १२ नोव्हेंबर. आतापर्यंत पिठलं दोनदा, झुणका एकदा, कोथिंबीर वडी, कांदाभजी, आणि शेजारच्या वहिनींना अर्धा किलो 'सहज' देऊन झालं. तिसरं पाकीट काल फोडलं. संध्याकाळी काय करू, असं हिने विचारलं नाही, थेट कढई काढली.