खड्डा नसलेल्या चौकाची तक्रार : माझा अनुभव

आमच्या उपनगरातील ज्या चौकाविषयी मी हे लिहिते आहे, तेथे एकही खड्डा नव्हता आणि रस्ता घसरडा झाल्याच्या माझ्या तक्रारीत नेमकी हीच सर्वांत मोठी अडचण ठरली. सिग्नलच्या अलीकडचा पट्टा मॅस्टिक अस्फाल्टचा, म्हणजे गरम असताना ओतून पसरलेल्या घट्ट डांबरी मिश्रणाचा होता. त्यातून पाणी झिरपत नाही आणि काम झाल्यावर वाहतूक लवकर सुरू करता येते, म्हणून मुंबईत चौकांवर ते बरेच वापरतात. मात्र त्याचा पृष्ठभाग मुळातच गुळगुळीत असल्यामुळे, ते गरम असतानाच डांबर माखलेली बारीक खडी वरून पसरून दाबावी लागते. टायरला पकड मिळते ती या खडीमुळे. आमच्या चौकात ती घासून सपाट झाली होती, आणि काही ठिकाणी तर ती कधी पडलीच नसावी असे दिसत होते.

सिग्नलपाशी हे लवकर घडते, कारण रोज हजारो गाड्या त्याच काही मीटरांत ब्रेक दाबतात आणि त्याच जागी उभ्या राहून तेलाचे थेंब गाळतात. जूनच्या पहिल्या सरींनी हे तेल, धूळ आणि टायरच्या रबराची भुकटी यांचा जो राप तयार होतो, तो मुसळधार पावसापेक्षा अधिक घातक असतो. मुसळधार पाऊस निदान तो धुऊन नेतो.

ऑनलाइन केलेली पहिली तक्रार ‘खड्डा आढळला नाही’ या शेऱ्यासह बंद झाली, आणि शेरा खोटा नव्हता. त्यानंतर रस्त्यांचे काम पाहणाऱ्यांनी सिग्नलसाठी वाहतूक पोलिसांकडे बोट दाखवले व वाहतूक पोलिसांनी रस्त्यासाठी त्यांच्याकडे. माझे म्हणणे असे होते की, घसरडा रस्ता आणि पिवळ्या दिव्याचा अवधी हे दोन वेगळे विषय नाहीतच. म्हणून नव्या अर्जात मी तक्रारीचा सूर सोडून हिशेब मांडला.

ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 11 मीटर जाते. रस्ते आखताना या वेगाला घर्षणाचा गुणांक, म्हणजे टायर आणि रस्ता यांतील पकडीचे माप, 0.38 धरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. चालकाला पिवळा दिवा पाहून ब्रेक दाबायला एक सेकंद लागतो असे मानले, तर गाडी सुमारे 28 मीटरांत थांबते. पिवळा दिवा तीन सेकंदांचा असेल तर तेवढ्या वेळात ती 33 मीटर जाते. म्हणजे चांगल्या रस्त्यावर प्रत्येक चालकाला थांबणे किंवा लाल दिव्याआधी स्टॉपलाइन ओलांडणे, यांपैकी एक तरी जमते. पकड निम्मी झाली की थांबायला 44 मीटर लागतात. मग पिवळा दिवा लागताना स्टॉपलाइनपासून 33 ते 44 मीटरांवर असलेल्या चालकाला, तो कितीही शहाणा असला तरी, दोन्ही जमत नाही. दिव्याचे सेकंद मात्र तेच राहतात.

या अर्जावर संयुक्त पाहणी ठरली. चौकीतील हवालदारांनी कोणी विचारण्याआधीच सांगितले, “मॅडम, पाऊस पडला की इथे गाड्या लाइनवर थांबतच नाहीत, सरळ झेब्र्यावर येऊन थांबतात.” सोबत आलेल्या दुय्यम अभियंत्यांनी बाटलीतले पाणी रस्त्यावर ओतले, त्यावर बुटाचा तळवा घासला आणि “खडी गेलीय सगळी” एवढेच म्हणाले. अशी पकड मोजण्यासाठी रबराचा तुकडा लावलेला लोलक असतो. तो काही आणला नव्हता, पण बुटाने काम भागले.

पिवळा दिवा चार सेकंदांचा करावा, ही माझी मागणी मान्य झाली नाही. दिवा लांबला की लोक तो सवयीने गृहीत धरतात आणि उलट वेग वाढवतात, असे वाहतूक अधिकाऱ्यांचे मत पडले; ते मला पटले. त्याऐवजी चारही बाजूंना एकाच वेळी लाल दिवा राहण्याचा अवधी त्यांनी थोडा वाढवला, म्हणजे घसरत पुढे आलेल्या गाडीवर आडवी वाहतूक लगेच सुटत नाही. पट्ट्याच्या लांबीबाबत मात्र मी अडून बसले. काम केवळ स्टॉपलाइनपाशी न होता, ब्रेक जेथून लागतात तेथून व्हायला हवे होते. शेवटी वरचा थर खरवडून, नवे मॅस्टिक घालून, त्यावर खडी दाबण्यात आली. रात्रीच्या त्या कामाच्या वेळी मी मुद्दाम उभी राहिले, कारण मॅस्टिक निवल्यावर टाकलेली खडी त्यात रुतत नाही आणि काही दिवसांत कडेला गोळा होते.

झेब्रा पट्ट्यांचे काम राहिले आहे. थर्मोप्लास्टिक (वितळवून लावलेल्या) रंगाचे थरावर थर चढल्याने त्या ओल्या झाल्या की दुचाक्या घसरतात. रंगातले काचेचे मणी रात्री चमकण्यासाठी असतात, त्यांनी पकड वाढत नाही. 125 सीसीपर्यंतच्या बहुतेक दुचाक्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, नसल्याने तेथे पुढचे चाक पटकन अडकते. जुने थर खरवडून मगच नवे पट्टे मारावेत, असा वेगळा अर्ज मी दिला असून त्याच्या प्रतीवर आवक शिक्का घेतला आहे.