मग या बाईंनी स्वतः काय केले?

जनसंज्ञापनाच्या वर्गात मी दरवर्षी ‘सेसमी स्ट्रीट’ हा अमेरिकी टीव्हीवरचा बालकार्यक्रम उभा करणाऱ्या जोन गँझ कूनी यांच्यावर एक तास घेते, आणि तो संपता संपता कोणी ना कोणी विचारतेच : ‘‘मॅडम, ‘सेसमी स्ट्रीट’मधल्या बाहुल्या जिम हेन्सनच्या, गाणी दुसऱ्यांची, संशोधन तिसऱ्यांचं. मग या बाईंनी स्वतः काय केलं?’’ घंटा होते आणि उत्तर अर्धवट राहते. म्हणून ते आज लिहून काढते आहे.

कूनी यांचा जन्म 1929 सालचा, ॲरिझोनातील फीनिक्स शहरातला. शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन त्यांनी काही काळ वृत्तपत्रात बातमीदारी केली, पुढे न्यूयॉर्कमध्ये टीव्हीच्या प्रसिद्धी विभागात आणि मग तिथल्या शैक्षणिक वाहिनीवर माहितीपटांच्या निर्मात्या म्हणून काम केले. 1966 च्या फेब्रुवारीत त्यांच्या घरी काही मंडळी जेवायला आली होती. त्यांत कार्नेगी कॉर्पोरेशन या शिक्षणाला अर्थसाहाय्य देणाऱ्या प्रतिष्ठानाचे लॉइड मॉरिसेट होते. त्यांची तीन वर्षांची मुलगी सकाळी लवकर उठून, कार्यक्रम सुरू होण्याआधी पडद्यावर जी स्थिर नक्षी दिसे, तिच्याकडे टक लावून बसत असे. या माध्यमातून इतक्या लहान मुलांना काही शिकवता येईल का, असा प्रश्न त्यांनी त्या जेवणाच्या वेळी काढला. गरीब घरांतील मुले शाळेत पाऊल ठेवतानाच मागे पडलेली असतात, ही त्या काळी अमेरिकेत मोठी चिंता होती, आणि टीव्ही मात्र त्या घरांतही पोहोचलेला होता.

पुढच्या बैठकीत या प्रश्नाचा अभ्यास कोणी करायचा हा विषय निघाला, तेव्हा कूनी यांच्या वरिष्ठांनी ‘‘जोनला यात रस नसेल’’ असे परस्पर सांगून टाकले. गंभीर सामाजिक माहितीपट करणारी बाई बालकार्यक्रमांकडे कशाला वळेल, असा त्यांचा समज असावा. कूनी तिथेच होत्या. आपल्याला नक्कीच रस आहे, असे त्यांनी तिथल्या तिथे सांगितले. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण आपल्या वतीने दुसऱ्याने दिलेला नकार सगळ्यांदेखत खोडून काढणे किती अवघड असते, हे नोकरी केलेल्या प्रत्येक स्त्रीला ठाऊक आहे. त्यानंतर त्यांनी देशभर फिरून तज्ज्ञांशी बोलून जो अहवाल लिहिला, त्यावर पुढचे सगळे उभे राहिले.

सरकार आणि काही प्रतिष्ठानांनी मिळून सुमारे 80 लाख डॉलर दिले आणि 1968 मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ बनवणारी ‘चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप’ ही संस्था निघाली. पैसा आल्याबरोबर प्रमुखपद कोणाला द्यायचे, याची चर्चा सुरू झाली. एवढी मोठी संस्था चालवण्याचा अनुभव कूनी यांना नव्हता, हा आक्षेप समजण्यासारखा आहे. पण प्रमुखपदी बाई असेल तर लोक हे काम गांभीर्याने घेतील का, अशीही शंका काढली गेली. दुय्यम पद आपण स्वीकारणार नाही, असे कूनी यांनी स्पष्ट सांगितले, मॉरिसेट त्यांच्या बाजूने ठाम राहिले, आणि अखेर त्या कार्यकारी संचालक झाल्या. अमेरिकन टीव्हीच्या इतिहासात इतक्या वरच्या पदावर तोवर अगदी मोजक्या स्त्रिया पोहोचल्या होत्या.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. कूनी यांनी निर्माते, बालमानसशास्त्रज्ञ आणि संशोधक यांना एकाच टेबलाभोवती बसवले आणि त्यांच्यातले वाद मिटवण्याऐवजी ते मुलांसमोर नेऊन तपासण्याची व्यवस्था उभी केली. संशोधनप्रमुख एडवर्ड पामर यांची पद्धत साधी होती. मुलाला टीव्हीसमोर बसवायचे, शेजारच्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी एक नवे चित्र दाखवायचे, आणि मुलाची नजर कुठे आहे याची सतत नोंद ठेवायची. नजर कार्यक्रमावरून हटली, तर दोष कार्यक्रमाचा. 1969 च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियात तासाभराचे पाच भाग असेच दाखवून पाहिले गेले. बाहुल्या असल्या की मुले खिळून राहत आणि कार्यक्रमातल्या रस्त्यावरची, फक्त माणसांची दृश्ये आली की त्यांची नजर भटके. खरी माणसे आणि बाहुल्या एकत्र दाखवू नयेत, मुलांचा गोंधळ होईल, हा तज्ज्ञांचाच सल्ला पाळल्याचा तो परिणाम होता. प्रक्षेपण जेमतेम चार महिन्यांवर आले असताना तो सल्ला बाजूला ठेवण्यात आला; हेन्सन यांनी रस्त्यावरच्या दृश्यांसाठी आठ फुटांहून उंच पिवळा पक्षी बिग बर्ड आणि कचऱ्याच्या पिंपात राहणारा ऑस्कर या बाहुल्या घडवल्या, आणि ती दृश्ये नव्याने बांधली गेली. बिग बर्डचे श्रेय हेन्सन यांचेच. मात्र चार वर्षांच्या मुलाच्या नजरेपुढे तज्ज्ञाचे मत मागे घेता येईल, अशी संस्था कूनी यांनी घडवली होती.

10 नोव्हेंबर 1969 रोजी पहिला भाग दाखवला गेला. पुढच्याच वर्षी मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक टीव्ही आयोगाने, कार्यक्रमात काळी आणि गोरी माणसे एकत्र दिसतात म्हणून, तो न दाखवण्याचे ठरवले. टीका झाल्यावर 22 दिवसांनी तो निर्णय मागे घ्यावा लागला. टीका स्त्री संघटनांकडूनही झाली आणि ती रास्त होती. सुझन ही कार्यक्रमातली मुख्य स्त्री केवळ गृहिणी होती, आणि तीही एका स्त्रीच्या संस्थेत! पुढे सुझन परिचारिका म्हणून नोकरी करू लागली. सरकारी मदत आटू लागल्यावर पुस्तके आणि खेळणी यांच्या उत्पन्नावर संस्था तगली, आणि कूनी यांनी 1990 पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, तिचा कारभार पाहिला. आपल्याकडे 2006 मध्ये चमकी या बाहुलीला घेऊन आलेला हिंदी कार्यक्रम ‘गली गली सिम सिम’ ही त्याच संस्थेच्या कामाची शाखा.

यंदा वर्गात आम्ही तो साडेसात सेकंदांचा प्रयोग करून पाहिला. एका सहकाऱ्यांची चार वर्षांची मुलगी समोर बसली होती, आणि नोंदी ठेवणारे माझे विद्यार्थी पुन्हा पुन्हा स्वतःच टीव्हीकडे पाहू लागले. तिच्या डोळ्यांकडे पाहा, हे मला त्यांना तीन वेळा सांगावे लागले.